आवरून जाऊ नका

ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तरीही ज्यांना सकाळी नळ फिरवता येत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त वाचून झाल्यावर मला डिंकाच्या लाडवांची कृती सांगू नये. डिंकाचे झाले, मेथीचे झाले, अळिवाचेही झाले. वजन वाढलं, दुखणं होतं तिथेच राहिलं.

माझ्या आजाराला नाव मिळायला तीन वर्षं लागली. आता मी ते नाव रेशन कार्डावरच्या नावासारखं धडाधड सांगते. पण त्या तीन वर्षांत माझं काय झालं होतं ते मी विसरलेले नाही, आणि उशीर का झाला तेही नाही. त्यातला निम्मा दोष डॉक्टरांचा असेल. उरलेला आमचा, म्हणजे माझा आणि माझ्या आईचा. तो दोष वेळेवर कुणी दाखवला असता तर माझं एक बोट वाचलं असतं.

ऐकायचं आणि टाइप करायचं

पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तशाच एका इमारतीत, कल्याणीनगरला, मी नोकरीला लागले. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर त्याची सगळी हकिकत बोलून रेकॉर्ड करायचे. ती रेकॉर्डिंग इकडे यायची आणि आम्ही कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत, थांबवत, मागे नेत ती टाइप करायचो. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस. ते झोपून उठायच्या आत कागद तयार. बी.कॉम. झालेल्या आणि टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या बाईला एसीत बसून अशी नोकरी मिळेल, याचं माझ्या आईला फार अप्रूप होतं. विश्रांतवाडीच्या आमच्या विहारात भेटेल त्याला ती सांगायची, "आमची उज्ज्वला कॉम्प्युटरवर आहे."

कामाचे नियम कडक होते. डॉक्टर अडखळला, खोकला, तेच वाक्य पुन्हा बोलला, तर ते गाळायचं आणि सुबक करून लिहायचं. आणि एखादा शब्द कळलाच नाही तर अंदाज करायचा नाही, तिथे रिकामी जागा सोडायची. रिकाम्या जागा जास्त झाल्या की मार्क कापले जात.

पहिल्यांदा दुखली ती उजव्या पायाची टाच, पेडलवरची. मग डाव्या हाताचं मधलं बोट. एका सकाळी उठून पाहते तर ते केळ्यासारखं टम्म फुगलेलं. दुपारपर्यंत उतरलं. मला वाटलं, टायपिंग. सगळ्यांनाच वाटलं, टायपिंग. मग गुडघा आला, मनगट आलं, आणि कंबर अशी धरायला लागली की सकाळी पलंगावरून उठायला मला पाऊण तास लागायचा. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग पाय खाली. प्रज्ञा, माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. ती दारात दप्तर घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आई, आज कुठवर आलीस?"

आपले निदान घरी ठेवून यावे

पहिले हाडांचे डॉक्टर सदाशिव पेठेत. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हाडांच्या डॉक्टरांना दुसरा मजला का आवडतो, हे मला अजून कळलेलं नाही. वेळ संध्याकाळी सहानंतरची. भिंतीवर पाटी: "आपले निदान घरी ठेवून यावे. डॉक्टर स्वतःचे वापरतात."

त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबली. "सूज कुठे आहे?"

"सकाळी असते."

"आता नाही ना?"

"आता नाही, पण सकाळी..."

"बाई, मला आत्ताचं दिसतं. सकाळचं मला काय दिसणार?"

रक्त तपासलं, एक्स-रे काढले. सगळं नॉर्मल. संधिवाताची म्हणून जी तपासणी असते तीही निगेटिव्ह. त्यांनी कॅल्शियम दिलं.

दुसरे डॉक्टर म्हणाले व्हिटॅमिन. तिसरे म्हणाले, खुर्ची बदला. मी खुर्ची बदलली. चौथ्यांपुढे मी माझी हकिकत अगदी आमच्या ऑफिसातल्यासारखी सांगितली: कधी सुरू झालं, कुठे, किती वेळ, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. ना अडखळले, ना काही दोनदा बोलले. ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही इंटरनेटवर वाचता का?" मग विलासकडे, माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांना जरा कुठेतरी फिरवून आणा. टेन्शन आहे, दुसरं काही नाही."

जिना उतरताना विलास माझ्या पुढे चार पायऱ्या होता. एरवी तो हात धरायचा. त्या दिवशी धरला नाही. मीही मागितला नाही.

तुम्हाला वाटेल, सगळे डॉक्टर एकजात असे कसे? मलाही तेव्हा तसंच वाटायचं. आता मी डॉक्टरकडे जायची तयारी कशी करायचे, ते ऐका.

दुपारी घरी आले की आधी बादलीभर कढत पाण्यात अर्धा तास हात-पाय. त्याशिवाय साडी नेसता येत नसे. मग दुखण्याची गोळी, कारण दुसरा मजला. केसांना भरपूर तेल लावून घट्ट वेणी, कारण डोक्यात कोंडा फार झाला होता आणि चारचौघांत खांद्यावर पडलेला बरा दिसत नाही. कानामागे पांढरी खपली होती, ती ओल्या फडक्याने पुसून टाकायची. इस्त्रीची साडी. आणि नखांना गडद मरून नेलपॉलिश, कारण वर्षभरात नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे पडले होते आणि ती मुळातून सुटल्यासारखी पिवळी दिसत होती. अशी नखं ऑफिसात तरी कशी दाखवायची?

असं आवरून, गोळीच्या भरात, संध्याकाळी साडेसहा वाजता मी डॉक्टरपुढे हसतमुखाने बसायचे आणि सांगायचे की मला फार दुखतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. आईने शिकवलं होतं. आई महानगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. पांढरी, खळ घातलेली सुती साडी, कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं, भर उन्हाळ्यातसुद्धा. खडूची ॲलर्जी आहे म्हणायची. दर सोमवारी ती अख्ख्या वर्गाची नखं तपासायची. लहानपणी आम्हाला ताप आला तरी दवाखान्यात न्यायच्या आधी आंघोळ, पावडर, भांग. "आपण नीटनेटकंच जायचं," ती म्हणायची. "दुसऱ्यांचं मळलेलं खपतं. आपलं लक्षात राहतं." आमच्या घरातल्या प्रत्येकाला यातला 'आपण' कोण ते माहीत होतं. तिच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा ती शाळेत होती. स्वच्छ कपडे ही आमच्या घरात नुसती स्वच्छता नव्हती.

धडधाकट

विलासची मोठी बहीण, आक्का, लोणी काळभोरला दिलेली. तिने मला हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे नेलं. तिच्या दारात मी रिक्षातून उतरले तशी ती वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "चांगली धडधाकट तर दिसतीस की गं! मला वाटलं, काय झालंय न् काय नाय. ह्यो म्हातारा लई हुशार हाय बघ, बैलाचा पाय बी सरळ करतो."

त्याने माझं बोट धरून ओढलं. मी किंचाळले. पुढचे तीन आठवडे ते बोट कीबोर्डला लावता आलं नाही. बैलाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मंडईमागच्या दुकानातून निर्गुडीचं तेल आणून झालं. ऊन पाण्याच्या पिशव्या झाल्या. कुणी सांगितलं म्हणून टोमॅटो सोडला, मग वांगं, मग दही. शेवटी विहारातल्या एका बाईने विचारलं, "खाता तरी काय?" त्या विहारात वंदनेला मला गुडघे टेकता येईनात म्हणून मी मागे भिंतीशी उभी राहायला लागले. मग जायचीच बंद झाले.

ज्यांना असं दुखणं आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते. दुखण्याची सवय होते. विश्वास न ठेवला जाण्याची होत नाही. नणंदेला खोटं वाटलं, चालेल. ऑफिसातल्या सुपरवायझरला खोटं वाटलं, तेही चालेल. पण एका रविवारी मी पोळ्या लाटता येईनात म्हणून लाटणं आपटलं, तेव्हा विलास पेपर बाजूला ठेवून शांतपणे म्हणाला, "उज्ज्वला, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना सगळे? मग?"

 मी स्वतःलाच विचारायला लागले. खरंच दुखतं का मला? की मी कामचुकार आहे आणि मलाच माहीत नाही? दिवसभर मी कानात दुसऱ्यांचे आजार ऐकायचे. प्रत्येकाच्या कागदाच्या तळाशी एक निदान असायचं. ते वाचून मला त्या अनोळखी पेशंटांचा हेवा वाटायचा. कॅन्सरवाल्यांचासुद्धा. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. माझ्या कागदावर तेवढी एक रिकामी जागा होती.

विलासबद्दल एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्या "मग?"नंतरही तो रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची आणि बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायचा. मी कधी सांगितलं नव्हतं. विश्वास नव्हता, तरी झाकणं सैल असायची.

प्रज्ञाच्या वेण्या मला घालता येईनात. एक दिवस तीच म्हणाली, "आपण कापून टाकू." पार्लरमध्ये तिचे लांब केस खाली पडत होते आणि ती आरशातून माझ्याकडे बघून हसत होती, मला बरं वाटावं म्हणून. घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. तोही नळ प्रज्ञाने सोडून दिला होता.

मग नोकरी गेली. म्हणजे त्यांनी काढलं नाही. माझ्या कामातल्या चुका वाढल्या, वेग कमी झाला, पेडल दाबताना टाचेतून कळ यायची म्हणून मी डावा पाय वापरायला लागले आणि सगळंच चुकायला लागलं. मीच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना मनात स्पष्ट वाक्य आलं की आता मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही. ते वाक्य महिनाभर गेलं नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना यायचं. मी घाबरले आणि एका संध्याकाळी विलासला ते जसंच्या तसं सांगितलं.  दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी ऑफिसातून फोन करायला लागला. "जेवलीस का?" एवढंच विचारायचा. तुमच्याही मनात असं वाक्य आलं तर कुणाला तरी सांगा. समोरच्याला काय बोलावं कळणार नाही, तरी सांगा.

ती सकाळ

विलास कामासाठी नाशिकला गेला होता. प्रज्ञाला शाळेत सोडायला आई येरवड्याहून सकाळीच आली. मी उठूच शकत नव्हते. कुशीवर वळेपर्यंतच डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दोन्ही गुडघे फुगलेले, हाताची चार बोटं वाकून आखडलेली. आईने ते पहिल्यांदाच सकाळी पाहिलं. एरवी ती दुपारी यायची आणि मी आवरून बसलेली असायचे.

"चल," ती म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. आत्ता."

आणि मग, तुम्हाला खरं वाटणार नाही, ती कपाटातून माझी इस्त्रीची साडी काढायला गेली. हातात कंगवा घेऊन आली. माझ्या डोक्यात कंगवा घातला, तेव्हा खपल्या उशीवर पडल्या, आणि मानेतून अशी कळ गेली की मी ओरडले, "राहू दे! आई, राहू दे आता! मेले तरी आवरूनच नेणार आहेस का मला?"

जन्मात मी तिच्याशी असं बोलले नव्हते. तिने कंगवा खाली ठेवला. शेजारच्यांनी रिक्षा आणली. मी गाऊनवर, विस्कटलेल्या केसांनी, आंघोळ न करता, गोळी न घेता घराबाहेर पडले. नखांना तर महिनाभर काही लावलंच नव्हतं. ब्रश धरता येत नव्हता. रिक्षात आई तिच्या पदराने माझे केस झाकत होती आणि मी ते झटकत होते.

नखं

त्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. मला ढकलखुर्चीवरून आत नेलं, तेव्हा त्यांनी आधी काही विचारलंच नाही. माझा हात हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"नखं कधीपासून अशी?"

"दोन वर्षं. टायपिंगमुळे."

"टायपिंगने नखाला खड्डे पडतात असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुणाला दाखवली नव्हती."

"का?"

"नेलपॉलिश असायचं."

त्यांनी माझे केस बाजूला केले, डोकं बघितलं, कानामागे बघितलं.

"कोंडा आहे तो," मी म्हणाले.

"कोंडा नाही हा." मग त्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "बघा, नीट बघा. सांधे बघायला सगळे येतात, नखं कुणी बघत नाही." आणि मला म्हणाल्या, "घरात कुणाला असा कातडीचा त्रास? आईवडील, भावंडं?"

हा प्रश्न मला आधीही दोन डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारला होता. दोन्ही वेळा आई शेजारी होती. दोन्ही वेळा मी जे सांगितलं तेच आताही सवयीने सांगितलं, "नाही. कुणालाच नाही."

"मला आहे," आई म्हणाली.

मी मान वळवू शकत नव्हते. फक्त आवाज ऐकला, वर्गातला नव्हता तो. ती पुढे आली आणि उजव्या हाताची बाही वर सरकवायला लागली. बाही घट्ट होती, कोपराच्या पुढे जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या बाई, कळलं मला."

"नाही. बघा. आता बघाच," आई म्हणाली आणि तिने बाही जोरात ओढली. शिवण उसवली. कोपरावर तळहाताएवढा लालसर, चंदेरी खपल्यांचा चट्टा होता. माझ्या आईचं कोपर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

पंधरा मिनिटांत माझ्या कागदावरची रिकामी जागा भरली. सोरायसिसमुळे होणारा संधिवात. सोरायटिक आर्थ्रायटिस. हा शब्द मी नोकरीत कितीतरी वेळा टाइप केला होता. माझी बोटं तो मला न विचारता टाइप करायची. मला रडू फुटलं. एका शिकाऊ मुलीला वाटलं मी घाबरले. ती म्हणाली, "काकू, घाबरू नका, यावर औषध असतं." तिला कसं सांगणार, मला आनंद झाला होता. मला वेड लागलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी उजव्या करंगळीचा सांधा हलवून पाहिला. तो हलला नाही. "हा मात्र आता सरळ होणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी यायला हवं होतंत."

"आधी आले होते," मी म्हणाले. "आवरून आले होते."

कप

आईशी मी अकरा दिवस बोलले नाही. हॉस्पिटलात ती रोज डबा घेऊन यायची, मी भिंतीकडे तोंड करायचे. आजूबाजूच्या कॉटवरच्या बायका तिच्याकडे दयेने बघायच्या आणि माझ्याकडे जसं बघायला हवं तसं. सकाळी सहाला नर्स थर्मामीटर घेऊन यायची, नऊला राउंड, बाराला आई. तिच्या डब्यात वरण-भाताचे घास कालवून ठेवलेले असायचे, मला बोटांनी कालवता येत नाही म्हणून. मी ते खायचे आणि बोलायचे नाही.

बाराव्या दिवशी मी विचारलं, "तू दोन वेळा ऐकलास तो प्रश्न."

"ऐकला."

"मग?"

विलासचाच "मग?" होता तो, मला नंतर कळलं.

"हाडाच्या डॉक्टरला कातडीचं कशाला सांगायचं, असं वाटलं," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत राहिली, ते आधीच लागलेलं होतं. "नाही. तेही खोटंच. मी शाळेत लागले ना, तेव्हा स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा होता. कुणी म्हणालं नाही काही. खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, बस. तो आतल्या कपांत यायला सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी कोपरावर हे उठलं. तुझ्या बाबांशिवाय कुणाला दाखवलं नाही. परत खिडकीत जायचं नव्हतं मला."

 राग गेला असं म्हणणार नाही. करंगळीकडे पाहिलं की तो आजही येतो. पण तेव्हापासून तो नेमका कुणावर काढायचा, ते मला कळेनासं झालं आहे.

आता

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. मी शनिवारी घेते, रविवारी मळमळतं. चार महिन्यांनी सकाळचा पाऊण तास वीस मिनिटांवर आला. विलास नाशिकहून आला त्या दिवशी त्याने तो कागद दोनदा वाचला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. "सॉरी" म्हणाला. मी म्हणाले, "झाकणं सैल करायची सोडू नकोस म्हणजे झालं."

बरं झालं, असं मी म्हणणार नाही. काही दिवस पुन्हा पलंगावरून उठता येत नाही, आणि तेव्हा जुनी सगळी भीती आपली चप्पल काढून घरात येते. नोकरी परत मिळाली नाही. नऊ बोटांनी मी घरीच थोडं टायपिंग करते. हे लिखाणही त्याच नऊ बोटांनी केलेलं.

तुम्हाला सांगायचं ते इतकंच. डॉक्टरकडे आवरून जाऊ नका. सकाळची वेळ मागा. मिळाली नाही तर भांडा. पुण्यात राहता, भांडणं जमायला हवं. गोळी घेऊन जाऊ नका. नखांचा रंग काढा. केसांना तेल लावू नका. दुखतं त्या चेहऱ्यानेच जा. आणि घरात कुणाला काय होतं ते घरात विचारा. दवाखान्यात विचारलं की आपली माणसं 'नाही' म्हणतात.

आई दर रविवारी येते. जेवणं झाली की प्रज्ञाला समोर बसवून शाळेतल्यासारखं म्हणते, "दाखव हात." दहाही नखं खिडकीच्या उजेडात एकेक करून बघते, कानामागे बघते, केसांतून बोटं फिरवते. प्रज्ञा कंटाळते. "आजी, काय शोधतेस गं दर रविवारी?" परवा तिने असं विचारलं तेव्हा मला वाटलं, आई काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. खडूची ॲलर्जी मला आठवत होती.

आईने प्रज्ञाचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने पोलक्याची बाही वर घेतली. हल्ली ती बाही सैल शिवून घेते.

"हे शोधते," ती म्हणाली. "हात लाव. काही होत नाही."

प्रज्ञाने हात लावला.